उरलेला डोळा

"आबा, मगर! ह्यांच्याकडंच निघालीय!" होडीतून सून ओरडली.

धर्माजी भोयाचा मुलगा कमरेएवढ्या पाण्यात, जाळ्यात पाय गुंतून अडकला होता. मगर जिथं दिसली त्याच्या हातभर खाली नेम धरून धर्माजीनं होडीतून सवयीनं भाला फेकला. तो तिच्या पोटाखालून गेला.

मोतीबिंदू काढून उजव्या डोळ्यात बसवलेलं नवं संगणकी भिंग पाण्यात प्रकाश किती वाकतो याचं स्नेलचं गणित स्वतःच सोडवायचं आणि पाण्यातली वस्तू असेल तिथंच दाखवायचं. साठ वर्षं मुरलेला हात तेच गणित पुन्हा करत होता.

दोरीनं भाला ओढून त्यानं उजवा डोळा मिटला. डाव्या, धुरकट डोळ्याला मगर पूर्वीसारखी वर उचललेली दिसली. त्यानं पुन्हा खाली नेम धरला. भाला रुतला, दोरीला हिसका बसला.

मुलगा जाळ्यातून पाय सोडवून होडीत चढल्यावर धर्माजी धापा टाकत म्हणाला, "सूनबाई, सोमवारी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे ना? नको म्हणून कळव."