पाहुण्याचं पाणी

पाहुण्याने तिसरी बादली डोक्यावर ओतली, तीही तेरेतियाने मोजली. झावळ्यांच्या आडोशामागून पाण्याचा आवाज येत होता आणि मधूनमधून त्याच्या गाण्याचा. चौथी बादली नवऱ्याने टाकीतून भरून दिली होती. तिने ती आडोशाशी नेऊन ठेवली आणि हसून म्हणाली, "लागलं तर आणखी सांग हो, बाळा."

अकरा महिने बेटावर पाऊस नव्हता. विहिरींत समुद्र शिरला होता. गोडं पाणी उरलं होतं ते फक्त चर्चच्या टाकीत, आणि महिन्यापूर्वी गावच्या म्हाताऱ्यांनी सभाघरात बसून त्या टाकीला कुलूप घातलं होतं. दक्षिणेकडच्या एका छोट्या देशाचा माणूस पाहणीला येणार होता. देश छोटा, त्यामुळे मदतही बेताची. खारं पाणी गोडं करणारं यंत्र एका बेटावर एकाच गावाला द्यायचं आणि तेही आपल्या माणसाने ज्या गावाची गरज डोळ्यांनी पाहिली त्यालाच, असं त्या देशाचं धोरण होतं. तेव्हा त्या माणसाला पाण्याची ददात पडता कामा नये, असं म्हाताऱ्यांनी एकमताने ठरवलं. आपण काय ठरवतोय, हे एकाही पिकल्या डोक्यात शिरलं नाही. पाहुण्यापुढे रडगाणं गाणं म्हणजे चारचौघांत कपडे उतरवणं, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

या ठरावाचा म्होरक्या तेरेतियाचाच नवरा, बाउरो. आणि महिनाभर विहिरीचं पाणी पिऊन हातापायांच्या काड्या झालेला इओतेबा हा तिचाच दोन वर्षांचा नातू. पोराचे जुलाब थांबत नव्हते. "गोडं पाणी पाजा, माझ्याकडे दुसरं औषध नाही," असं नर्सने बजावलं होतं. तेरेतियाने टाकीची किल्ली मागितली, तर बाउरो म्हणाला, "चार दिवस कळ काढ. पाहुण्याला खूश करून पाठवू. मग दारात यंत्रच येतंय, पाज हवं तेवढं."

पाहुणा डंकन माणूस मोठा लाघवी होता. दोन वर्षं राजधानीत राहून तो बेटांची भाषा मोडकीतोडकी बोलायला शिकला होता. वाढाल ते खायचा. आंबलेल्या ताडीलाही त्याने नाक मुरडलं नाही. यजमानाने दिलेलं कधी नाकारायचं नाही, हे त्याला कुणीतरी नीट पढवून पाठवलेलं दिसत होतं. बायका त्याच्यावर खूश होत्या. तेरेतियाही होती, दुपारपर्यंत.

दुपारी सभाघर भरलं. पुरुष मधे, बायका कडेला. डंकन अंघोळीने तुकतुकीत होऊन बसला होता.

"आजोबा, तुम्ही मला लाजवलंत," तो बाउरोला म्हणाला. "बेटाच्या उत्तरेकडच्या गावात मला चूळ भरायलासुद्धा पाणी मिळालं नाही. इथे देवाच्या कृपेने मुबलक आहे. यंत्र त्या गावाला द्यावं, असंच मी लिहिणार. तुमची हरकत नाही ना?"

तेरेतियाला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. तिने शेजारणीकडे पाहिलं. शेजारणीचं तोंड उघडंच राहिलं होतं. म्हाताऱ्यांपैकी कुणी हलेना. दोन शब्द पुरे होते, फक्त "हरकत आहे" म्हणायचं होतं. पण सभाघरात बायकांनी बोलायचं नसतं. तिने सरकत सरकत जाऊन नवऱ्याला मागून ढोसलं.

"अहो, सांगा ना त्याला!"

"काय सांगू?" बाउरो पुटपुटला. "पोटभर पाणी पाजलं आणि वर तेच काढून दाखवू? लोक शेण घालतील तोंडात."

मग तो खाकरला, ताठ बसला आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हरकत कसली, बाळा? त्यांनाच दे. तेरेतिया, याच्या बाटल्या भरून आण बघू. बोटीत तहान लागेल त्याला."

बडा घर पोकळ वासा, दुसरं काय!

तेरेतिया उठली.  इतका राग तिला जन्मात आला नव्हता. टाकीची किल्ली नवऱ्याने आज पहिल्यांदा तिच्या हातात दिली होती. टाकीच्या तळाशी वीतभर पाणी होतं. त्याला हात न लावता ती तशीच पुढे गेली आणि तिने विहिरीत पोहरा सोडला. चाळीस वर्षांच्या संसारात तिने पाहुण्याला शिळं वाढलं नव्हतं. दोन्ही बाटल्या तिने काठोकाठ भरल्या. आता हा घोट घेईल, थुंकेल आणि विचारेल, हे काय दिलंत मला? बस, एकदा त्याने विचारू दे. मग ती सगळं सांगणार होती. टाकी, कुलूप, इओतेबा, सगळं. नवऱ्याने घराबाहेर काढलं तरी बेहत्तर.

किनाऱ्यावर सारा गाव निरोपाला जमला होता. बोटीचं इंजिन सुरू झालं होतं.

"ऊन फार आहे, बाळा," तेरेतिया म्हणाली. "माझ्यासमोरच घे दोन घोट."

डंकनने बाटली तोंडाला लावली. त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. घोट गळ्याशीच अडकला. बाउरोने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि त्याचं तोंड पांढरंफटक पडलं.  विचार, तेरेतिया मनात म्हणाली. अरे, विचार की रे!

डंकनने मोठ्या कष्टाने घोट गिळला. डोळ्यांत आलेलं पाणी त्याने बाहीने पुसलं आणि तो हसला.

"फारच छान पाणी आहे, आजी," तो म्हणाला आणि तिचा मान राखण्यासाठी उरलेली बाटलीही त्याने घटाघटा संपवली.