घर पसंत

"आधी लातुरात स्वतःचं घर घ्या, मग शिल्पाचं बोलू," निलंग्याच्या किशनरावांनी सुदर्शनला सांगितलं होतं. "आन् पाणी बघून घ्या. माझी पोरगी घागरी वाहणार न्हाई."

दोन वर्षांनी सुदर्शननं बोअरला बारमाही पाणी असलेला फ्लॅट घेतला आणि वास्तुशांतीला शिल्पाच्या वडिलांना आवर्जून बोलावलं. किशनरावांनी प्रत्येक नळ सोडून पाहिला, खिडक्या उघडून पाहिल्या आणि सोफ्यावर बसून चहा घेतला.

"घर पसंत हाय आपल्याला," ते म्हणाले. सुदर्शनची आई लगबगीनं साखरेची वाटी घेऊन आली.


"शिल्पाचं ठरलं मागल्या आठवड्यात," किशनराव म्हणाले. "जावई बदलीच्या नोकरीत हायत, त्यांचं कुठंच घर न्हाई. हे भाड्यानं देता का?"