माईक धरणारी

सभागृहात ‘तरुणांनो, बोला’ असा फलक होता. माईक आणि स्पीकर बाबांचे. हात वर झाला की माईक घेऊन धावायचं काम माझं. कुणाला सायकलसाठी वेगळा रस्ता हवा होता, कुणाच्या कुत्र्याला फिरायला बाग. मंचावरचे पालिकेचे साहेब कौतुकानं लिहून घेत होते. “अजून कोणी?” कुणीच हात वर केला नाही, म्हणून मी माईक स्वतःच्याच तोंडाशी धरला. “साहेब, आमच्या वस्तीतला नळ दोन महिने कोरडा आहे. डबक्यातलं पाणी पिऊन माझी धाकटी बहीण...” साहेबांनी माझ्याकडे नाही, बाबांकडे पाहिलं. बाबांचं बोट बटणावर गेलं आणि माझा आवाज माझ्यापुरताच उरला. वायरी गुंडाळताना मी विचारलं, “तुम्हाला तरी ऐकू आलं का?” “सगळ्यांच्या आधी आलं,” बाबा खाली बघत म्हणाले. “हे काम गेलं, तर तिला दवाखान्यात कशाच्या जिवावर ठेवायचं?”