ट्रिप्टोफॅनची चिक्की

तपासणी समिती मागच्या बाकावर बसली आणि माणगावकर मॅडमनी फळ्यावर विषय लिहिला. विषय होता अटेन्युएशन. जिवाणूकडे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल भरपूर असलं, की ते बनवणाऱ्या जनुकांची नक्कल सुरुवातीलाच थांबते. तुटवडा असला, की शेवटपर्यंत चालते. पोरांच्या डोक्यात हे शिरावं म्हणून मॅडमनी चक्क नाटक बसवलं होतं.

नक्कल उतरवणारा शंतनू दोरी सोडत पुढे चालणार. ती दोरी म्हणजे नक्कल. मागून ती वाचत येणारी ऋतुजा म्हणजे प्रथिनं बनवणारं रायबोसोम. वाटेतल्या दोन गाठींपाशी तिला ताटातली चिक्की, म्हणजे ट्रिप्टोफॅन, मिळाली, की ती झपझप पुढे येणार, दोरीला पीळ पडणार आणि शंतनू थांबणार.

शंतनू निघाला. ऋतुजा मात्र पहिल्याच गाठीपाशी अडली.

"मॅडम, ताट रिकामं आहे!"

मॅडमनी वळून पाहिलं. समितीचे अध्यक्ष रुमालानं ओठ पुसत होते. "आमच्यासाठीच ठेवलीय असं वाटलं हो!"

तोवर शंतनू दाराबाहेर पोचला होता. "अरे, थांब!" सगळा वर्ग ओरडला.

"पीळ कुठे पडलाय अजून?" जिन्यावरून उत्तर आलं.

मॅडमना रडूच कोसळणार होतं. तेवढ्यात अध्यक्ष ताडकन उठले. "म्हणजे ट्रिप्टोफॅन मी संपवलं, म्हणून तो थांबत नाहीये?"

"हो, सर."

"छत्तीस वर्षं शिकवलं हो मी हे! कळलं आज."

मॅडमना खुदकन हसू फुटलं. "मलाही, सर."