किनारीतली चूक

"पाटी छापायला गेली का?" म्हाताऱ्याने दारातूनच विचारलं.

"पाचला जाते," संग्रहालयाचं दफ्तर सांभाळणारी बाई म्हणाली. उद्या गिरणीचं दालन उघडणार होतं. मधल्या काचपेटीत पदक मिळवलेलं कापड, मागे मिशीला पीळ देऊन उभ्या असलेल्या विणाई मास्तरांचा जुना फोटो. पाटीवर नावही मास्तरांचंच.

"मग थांबवा. ते कापड त्याने विणलेलं नाही."

"आजोबा, पन्नास वर्षं सगळे हेच सांगतात."

"पन्नास वर्षं चुकतंय. भिंग आहे?"

भिंग होतं. तिने पेटी उघडली. म्हातारा फोटोकडे पाठ करून उभा राहिला.

"डावी किनार बघा. दर चार बोटांवर आडवा धागा दुहेरी पडलाय."

"हो की. दोष आहे."

"दोष नाही, सही आहे. ज्यांना लिहिता येत नव्हतं ते किनारीत मुद्दाम एक चूक सोडायचे. प्रत्येकाची वेगळी. गिऱ्हाइकाला दिसायची नाही, कापड तपासणाऱ्यालाच कळायची."

बाईने गिरणीतल्या कापडाच्या नमुन्यांचं जाडजूड पुस्तक काढलं. सतराव्या मागाच्या तुकड्यावर तीच चूक होती. गिरणीच्या हजेरीवहीत सतरा नंबरपुढे एका बाईचं नाव आणि अंगठा.

"या तुमच्या कोण?"

"कोणी नाही. सगळे वहिनी म्हणायचो. बाहेर बाकावर बसल्यात. आत चला म्हटलं, तर म्हणतात, आधी पाटी, मग मी." तो हसला. "साठी उलटल्यावर अक्षरं शिकल्या. आता रस्त्यातली एक पाटी सोडत नाहीत, चालायची पंचाईत."

"आणि मास्तरांकडून हरकत आली तर?"

"येणार नाही."

"इतकं छातीठोक सांगता?"

"त्याला चांगला ओळखतो. भित्रा होता. पदक गळ्यात पडलं तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. टाळ्या गोड लागल्या."

बाईने पाटीच्या मसुद्यातल्या मास्तरांच्या नावावर रेघ मारली, वर वहिनींचं नाव लिहिलं आणि ती तो कागद घेऊन बाहेर आली. वहिनींनी चष्मा लावला. बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"मोठं छापा," त्या म्हणाल्या. "रस्त्यावरून वाचता आलं पाहिजे."

"दालन आतल्या बाजूला आहे, वहिनी."

"मग दार उघडं ठेवा."

तिघंही हसली. बाईने वही पुढे केली. "आजोबा, पुरावा कोणी दिला त्याची नोंद लागते."

त्याने सावकाश, ठसठशीत सही केली, वहिनींची पिशवी उचलली आणि तो ताठ मानेने त्यांच्यामागून पायऱ्या उतरला.

बाईने सही वाचली. मग हातातल्या कागदाकडे पाहिलं. रेघेखाली तेच नाव होतं.