तिसरी आवृत्ती

एररच्या ओळीत एकाच आकड्याचा फरक होता. प्रयोगशाळेतल्या आलेख काढणाऱ्या प्रोग्रॅमला एका लायब्ररीची, म्हणजे तयार कोडच्या संचाची, दुसरी आवृत्ती हवी होती. संगणकावर नुकत्याच चढवलेल्या नव्या लिनक्स प्रणालीत तिसरी होती.

शर्वाणीने ती ओळ टिकेकरकाकांना पाठवून फोन लावला. हा प्रोग्रॅम त्यांनीच लिहिलेला, निवृत्तीनंतरही फुकट सांभाळलेला.

"काय गं, आज कोण रुसलं?" काका हसले. मग पलीकडे काकू ती ओळ एकेक अक्षर लावत त्यांना वाचून दाखवू लागल्या.

काकांची नजर गेल्याचं शर्वाणीला आत्ता कळलं.

"जुनी आवृत्ती परत बसवू नकोस, बाकीचं कोलमडेल. तिसरी चालेल असा बदल सांगतो, लिही."

ती लिहीत गेली. आलेख उमटला.

"काका, उपकार झाले."

"उपकार राहू दे. माझ्यानंतर सांभाळायला कुणी दत्तक घेतलं नाही, तर या प्रोग्रॅमचं पॅकेज पुढच्या लिनक्समधून वगळतील. गेल्या वर्षी 'बघते' म्हणालीस. अजून बघतेच आहेस?"

"नाही, काका. मी घेते दत्तक."