धरलेला दम

“हे सांगतो ते कोणालेच पटणार नाही,” अशीच फुलचंदच्या प्रत्येक थापेची सुरुवात असायची; पण आज कापूस वेचायला निघताना त्याचाच आवाज थरथरत होता.

छातीच्या जुन्या दुखण्यामुळे औषधाचा पंप ओढल्याशिवाय त्याला शेताच्या धुऱ्यापर्यंत, बांधापर्यंतही चालवत नसे. पंप ओढला की दम धरायचा, मग हळूच सोडायचा, असं डॉक्टरांनी शिकवलेलं.

“सकाळी मी दम धरला, अन् माह्या मानेमागं दुसऱ्याच कोणी तो सोडला. थंडगार.”

शेजारचा बादल हसला. “मंग काय केलं, काका?”

“काय करतो? मीबी सोडला.”

फुलचंदच्या बायकोने, सुखीबाईने, श्वास लागतो का पाहायला नवऱ्याच्या नाकापुढे बोटं धरली; ती बोटं काढेचना.

“खोटं!” ती ओरडली. “सकाळपासून पाहून राह्यली मी. तुमी अजून सोडलाच नाही.”